"इमर्जन्सी डिक्लेअर करताय का?"

मध्यंतरी एका रात्री उशिरा एक रेकॉर्डिंग ऐकत पडले होते. वरती विमानातला पायलट आणि खाली बसलेली कंट्रोलर यांचं बोलणं, अमेरिकेतलं कुठलंतरी, जेमतेम दोन-तीन मिनिटांचं. झोप येत नसली की हेडफोन लावायचे आणि असलं काहीतरी ऐकायचं ही माझी जुनी सवय. बहुतेक वेळा त्यात काही म्हणजे काही घडत नाही, उंची सांगितली, दिशा सांगितली, फ्रिक्वेन्सी बदला, गुड नाईट, पुढचा. पण त्या रात्री एक तरुण आवाज होता, छोटं एका इंजिनाचं विमान, एकटाच उडवत असावा. तो म्हणाला की इंजिन जरा रफ चालतंय, परत यायला मिळालं तर बरं होईल. हे "मिळालं तर बरं होईल" तो इतक्या संकोचानं म्हणाला की मी उशीवरनं डोकं उचललं. कंट्रोलर बाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "आर यू डिक्लेअरिंग ॲन इमर्जन्सी?" आणि मग काहीच नाही. रेडिओचं असं असतं की समोरच्यानं बटण दाबलेलं नसलं की त्याच्या विमानातलं काहीही आपल्याला ऐकू येत नाही, इंजिन नाही, वारा नाही, श्वास नाही. तो तिकडं आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. मग एकदम बटण दाबल्याचा खट् आवाज आला, आधी इंजिनाची घरघर आली आणि तिच्यातून तो म्हणाला, "निगेटिव्ह... अं... स्टँड बाय."

रेकॉर्डिंग तिथंच संपतं.

आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. इंजिन अडखळतंय, खाली अंधार, समोर एक बाई स्वतःहून विचारतेय की तुला मदत हवीय का, आणि हा म्हणतोय नको, थांबा जरा. मला त्याचा राग नाही आला. उलट वाटलं की हे "निगेटिव्ह" आपल्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी म्हटलेलं आहे. दवाखान्यात छातीवर हात ठेवून बसलेला माणूस नर्सनं विचारल्यावर "नाही नाही, यांना आधी बघा, मला थोडंसंच दुखतंय" म्हणतो ना, तेच हे. फरक इतकाच की विमानातल्या माणसासाठी ही अडचण कुणीतरी आधीच ओळखून ठेवलीय. मदत कशी मागायची याचा प्रश्नच नको म्हणून शब्द ठरवून ठेवलेत, त्यांचा क्रम ठरवून ठेवलाय, किती वेळा म्हणायचं तेसुद्धा ठरलंय. आणि तरीही ते तोंडातून बाहेर पडत नाहीत.

जीवाला थेट धोका असेल, आत्ता लगेच मदत हवी असेल तर मेडे, तीनदा. परिस्थिती बिकट आहे पण अजून गळ्याशी आलेली नाही, तर पॅन पॅन, तेही तीनदा, म्हणजे सहा वेळा पॅन. तीनदा का, तर रेडिओवर खरखर असते, दुसऱ्या कुणाचं बोलणं मध्येच चालू असतं, ऐकणारा माणूस त्याच वेळी आणखी दहा विमानांच्या विचारात असतो, एखादा तरी मेडे त्याच्या कानात शिरावा. मग कुणाला सांगतोय, मी कोण, काय झालंय, मी काय करणार आहे, कुठं आहे, किती उंचीवर, कुठल्या दिशेनं चाललोय, विमानात माणसं किती, इंधन किती वेळाचं. बास. "प्लीज" कुठं नाही, "सॉरी" नाही, "त्रास देतोय" नाही. आधीपासून ज्याच्याशी बोलताय त्याच फ्रिक्वेन्सीवर हाक मारायची, तिथं कुणी नसेल तर १२१.५, जी जगभर याच कामासाठी राखून ठेवलीय. बोलणंच शक्य नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७७०० हे चार आकडे फिरवायचे, खाली रडारच्या पडद्यावर तुमचा ठिपका सगळ्यांच्या नजरेत भरतो. रेडिओ बंद पडला तर ७६००, विमानाचं अपहरण झालं तर ७५००. मेडे हा शब्द १९२७ च्या आंतरराष्ट्रीय रेडिओ करारात आला, म्हणजे जवळपास शंभर वर्षं तो जगात कुठंही, कुठल्याही भाषेच्या माणसाला तसाच म्हणता येतोय. मला या ठरवून ठेवण्यात फार मोठी माया दिसते. कुणीतरी कधीतरी बसून विचार केलाय की ज्या क्षणी माणसाला काही सुचणार नाही त्या क्षणी त्याच्या हातात तयार वाक्य असलं पाहिजे.

माझा एक मित्र फ्लाइंग शिकत होता तेव्हाची गोष्ट आठवते. तो संध्याकाळी खोलीत येरझाऱ्या घालत हे वाक्य पाठ करायचा. हातात एक कार्ड, कोपरे मऊ पडलेले, आणि भिंतीकडं तोंड करून म्हणायचा. बाकीचं सगळं तो धडाधड म्हणायचा, उंची, दिशा, इंधन, आकडे तर रेडिओवर म्हणतात तसे, नऊला "नायनर", तीनला "ट्री". पण सुरुवातीचे ते तीन शब्द आले की त्याचा आवाज खाली जायचा, पुटपुटल्यासारखा. मी एकदा विचारलं की बाबा तेच तर मोठ्यानं म्हणायचंय ना. तो म्हणाला, कळतं गं, पण खोलीत कुणी नसतानासुद्धा म्हणायला कसंतरी वाटतं, उगाच ओरडल्यासारखं वाटतं, आपण एवढे कोण लागून गेलो की सगळं आकाश थांबवायचं. त्याच्या इन्स्ट्रक्टरनं म्हणे त्याला सांगितलं होतं की पहिला शब्द निघाला की पुढचं सगळं आपोआप निघतं, अवघड काय तो पहिलाच. मला तेव्हा हे जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटलेलं.

नंतर मी एव्हिआंका या कोलंबियन कंपनीच्या फ्लाइट ५२ बद्दल वाचलं. २५ जानेवारी १९९०, बोईंग ७०७, बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्क. हवा खराब, सगळ्या ईशान्य अमेरिकेत विमानं तुंबलेली, यांना तीन ठिकाणी होल्डिंगमध्ये घातलं आणि सगळं मिळून सव्वा तासाच्या वर हे आकाशात गोल गोल फिरत राहिले. होल्डिंग ज्यांनी आतून अनुभवलंय त्यांना माहितीये ते काय असतं. पंख एका बाजूला कलतो, खिडकीतनं ढगाची तीच कड दिसते, सरळ होतो, मग परत कलतो. प्रवाशांतले काही घड्याळ बघतात, काही झोपतात, कुणी काही सांगत नाही, आणि तुम्हाला तर वाटत असतं की वरच्या लोकांना सगळं माहितीये, ते बघून घेतील. इकडं त्या ७०७ च्या कॉकपिटमध्ये काटे खाली खाली चाललेले. को-पायलटनं कंट्रोलरला सांगितलं की आम्हाला प्रायॉरिटी लागेल असं वाटतंय. विचारलं किती वेळ थांबू शकाल, तर म्हणाला पाच मिनिटं, तेवढंच. दुसरं कुठलं विमानतळ ठेवलंय, तर बॉस्टन, पण तिथं आता जाता येणार नाही, इंधन संपत आलंय. हे शेवटचं पुढच्या कंट्रोलरपर्यंत पोचलंच नाही. त्याला कळलं ते एवढंच की हे पाच मिनिटं थांबू शकतात. त्यानं त्यांना बाकीच्यांसारखं रांगेत लावलं.

उतरायचा पहिला प्रयत्न वाऱ्यामुळं फसला, परत वर जावं लागलं. कॅप्टन को-पायलटला म्हणतो, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. को-पायलट बटण दाबतो आणि आधी कंट्रोलरनं दिलेली दिशा नीट परत म्हणून दाखवतो, आणि त्याच्या शेपटाला जोडतो की आम्ही परत प्रयत्न करू, वी आर रनिंग आऊट ऑफ फ्युएल. कंट्रोलर म्हणतो ओके. कॅप्टन परत विचारतो, सांगितलंस का त्याला? हो सर, सांगितलं. पुढं कंट्रोलर विचारतो की मी तुम्हाला पंधराएक मैल ईशान्येला नेऊन मग परत वळवतो, तुमच्या इंधनाच्या हिशेबानं चालेल ना?

"आय गेस सो, थँक यू व्हेरी मच."

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. त्या माणसाला माहीत होतं. काटे त्याच्या डोळ्यासमोर होते. आणि तो आभार मानतोय. त्याच्यानंतर काही मिनिटांत इंजिनं एकेक करून बंद पडायला लागली, तेव्हाही तो रेडिओवर म्हणतो की आमची दोन इंजिनं गेलीत, आम्हाला प्रायॉरिटी हवीय, प्लीज. प्लीज! विमान लाँग आयलंडवर कोव्ह नेक नावाच्या गावात टेकडीवर आदळलं, १५८ पैकी ७३ माणसं गेली. आग लागली नाही, कारण पेटायला टाक्यांत काही उरलंच नव्हतं. कॉकपिटमधले तिघंही गेले. चौकशी अहवालात कारण म्हणून आधी यांच्याच दोन चुका पुढं आल्या, इंधनाचा हिशेब नीट ठेवला नाही आणि इमर्जन्सी आहे हे कंट्रोलरला सांगितलं नाही. पण त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या मला जास्त मोलाच्या वाटतात, एक म्हणजे विमानांची गर्दी नीट हाताळली गेली नाही, आणि दुसरी म्हणजे इंधन कमी आहे आणि इंधन संपतंय या दोन अवस्थांसाठी सगळ्यांना एकसारखे कळतील असे ठरलेले शब्दच नव्हते.

को-पायलटला दोष देणं मला जमत नाही. परकी भाषा, रात्र, धुकं, थकवा, शेजारी वयानं आणि हुद्द्यानं मोठा माणूस, आणि कानात न्यूयॉर्कच्या कंट्रोलरचा तो घाईतला आवाज, जो एका श्वासात पाच विमानांना हुकूम सोडतो. तिथं आवाज चढवायचा म्हणजे त्या सगळ्या शिस्तीला धक्का द्यायचा. आणि हा माणूस शिस्तीचा होता, दिशा परत म्हणून दाखवायला तो शेवटपर्यंत विसरला नाही. त्याच्या मते त्यानं सांगितलं होतं. रनिंग आऊट ऑफ फ्युएल याच्याहून वेगळं काय सांगायचं असतं? पण कंट्रोलरच्या कानाला त्या रात्री सगळेच तसं म्हणत होते, त्या हवेत इंधनाची काळजी कुणाला नव्हती. साधं बोलणं साध्या बोलण्यात मिसळून गेलं. अशा वेळी जो शब्द एरवी कधीच, कुणीच वापरत नाही तोच लागतो, म्हणून तर तो राखून ठेवलेला असतो.

आता तशी सोय आहे. २०१२ च्या नोव्हेंबरपासून आंतरराष्ट्रीय नियमांतच आलं की उतरेपर्यंत शेवटचा राखीव साठा वापरावा लागणार असं दिसलं की "मेडे, मेडे, मेडे, फ्युएल" म्हणायचं. जेट विमानाला हा साठा तीस मिनिटांचा असतो. आणि तिथवर गेलेलं नाही पण आता आणखी उशीर सोसणार नाही, तर "मिनिमम फ्युएल". दुसऱ्यात कुणी तुम्हाला रांगेत पुढं घेत नाही, ती फक्त आगाऊ सूचना. पहिल्यात सगळे बाजूला होतात. मधलं काही नाही. प्रायॉरिटी, जरा लवकर, शक्य असेल तर, हे सगळं गेलं. बावीस वर्षं लागली हो याला.

बोलणाऱ्याबद्दल एवढं लिहितेय पण ऐकणारा हाही या गोष्टीत तितकाच अडकलेला असतो. २४ जून १९८२ ला ब्रिटिश एअरवेजचं फ्लाइट ९ रात्री जावा बेटाजवळून चाललं होतं, ७४७, गालुंगगुंग ज्वालामुखीची राख हवेत होती आणि हवामानाच्या रडारवर कोरडी राख दिसत नाही. काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या, केबिनमध्ये गंधकाचा वास आणि धूर, आणि चारही इंजिनं बंद पडली. को-पायलटनं एकदम नियमानं मेडे दिला, चारही इंजिनं गेली, उंची सोडतोय. जकार्ताच्या कंट्रोलरला कळलं की चार नंबरचं इंजिन गेलंय. आता त्याचंही काय चुकलं, चारही इंजिनं एकदम जातात हे तोवर कुणी ऐकलं होतं? जवळून चाललेल्या गरुडा एअरलाइन्सच्या एका विमानानं ते ऐकलं आणि निरोप पुढं पोचवला तेव्हा कुठं खाली उलगडा झाला. हा भाग मला खूप आवडतो, की मेडे ऐकलेला कुणीही, ज्याचा काही संबंध नाही असा कुणीही, तो उचलून पुढं नेऊ शकतो, नव्हे त्यानं न्यायचाच असतो. इंजिनं नंतर खाली आल्यावर परत सुरू झाली आणि राखेनं खरवडून आंधळ्या झालेल्या काचांतून त्यांनी विमान उतरवलं, सगळे वाचले. त्याच कॅप्टननं, एरिक मूडींनी, प्रवाशांना सांगितलं होतं की आपल्यापुढं एक लहानशी अडचण आहे, चारही इंजिनं बंद पडलीत, ती चालू करायची आम्ही शिकस्त करतोय. लोक हे धीराचं उदाहरण म्हणून सांगतात आणि ते आहेच. पण मला त्यात दिसतं ते असं की मागच्या लोकांशी तो "लहानशी अडचण" म्हणू शकला, कारण पुढं रेडिओवर ती लहान करून सांगितलेली नव्हती. दोन्हीकडं दोन वेगळ्या भाषा, आणि कुठली कुठं वापरायची याचं भान सुटलं नाही.

हडसन नदीतलं ते लँडिंग तर सगळ्यांना पाठ आहे, १५ जानेवारी २००९. पक्षी धडकले, दोन्ही इंजिनं गेली, साडेतीन मिनिटांच्या आसपास सगळा खेळ. कॅप्टन सलनबर्गरनं मेडे दिला, पण त्याचं जे झालं ते काळजाला चटका लावणारं आहे. नेमकं त्याच वेळी कंट्रोलरनं त्यांना डावीकडं वळायला सांगण्यासाठी बटण दाबलं, त्यामुळं ते तीन मेडे हवेतच विरले. खाली पोचलं ते पुढचं, पक्षी धडकले, दोन्ही इंजिनांचं बळ गेलं, परत वळतोय. आणि त्यातही कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, चुकलं, पंधरा एकोणपन्नासच्या ऐवजी पंधरा एकोणचाळीस. एवढा मुरलेला माणूस, त्याच्या तोंडून स्वतःचाच नंबर चुकीचा निघाला. तरी चाललं, कारण बाकीची माहिती ठरलेल्या क्रमानं आली, काय झालं आणि काय करतोय. पुढं कंट्रोलर एकामागून एक रनवे देत राहिला आणि वरून उत्तर आलं, "अनेबल", जमणार नाही. एका शब्दात, कारण नाही, खुलासा नाही. आणि मग, आम्ही हडसनमध्ये जाणार. त्यावर कंट्रोलर पॅट्रिक हार्टन म्हणतो, सॉरी, परत सांगा. नंतर अमेरिकी काँग्रेससमोर त्यानं सांगितलं की मला स्पष्ट ऐकू आलं होतं, पण ते शब्द डोक्यात शिरेनात. म्हणजे शब्द सगळे बरोबर असले, रेडिओ स्वच्छ असला तरी ऐकणाऱ्याचं मन एक क्षण दार लावून घेतं. त्यालाही भीती असतेच की. त्याच्या पडद्यावरचा ठिपका इमारतींच्या खाली गेला आणि रडारवरून नाहीसा झाला तेव्हा तो धरूनच चालला होता की सगळे गेले.

एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं की रेडिओवर एक शिट्टी वाजते आणि दोघांचंही बोलणं मातीला मिळतं. टेनेरिफला २७ मार्च १९७७ ला धुक्यात हीच शिट्टी वाजली, टॉवर म्हणत होता थांबा, पॅन ॲम म्हणत होतं आम्ही अजून रनवेवर आहोत, आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती शिट्टी. दोन्ही विमानं रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. या भाषेतला जवळजवळ प्रत्येक नियम असा कुणाच्या तरी जाण्यानं लिहिला गेलाय, आणि म्हणून कुणी तिला कोरडी, यंत्रासारखी म्हटलं की मला आतून लागतं.

पण मला हेही मान्य करायला हवं की शब्द बरोबर असून काही उपयोग होत नाही असंही होतं. स्विसएअर १११, सप्टेंबर १९९८, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला म्हणून त्यांनी पॅन पॅन दिला, हॅलिफॅक्सकडं वळले, दहा मिनिटांनी इमर्जन्सी जाहीर केली, आणि आणखी सातएक मिनिटांत विमान समुद्रात. २२९ जण. किती जणांनी नंतर म्हटलं असेल की पहिल्यांदाच मेडे का नाही दिला. पण कॅनडाच्या तपासात असं निघालं की छताच्या आत आग ज्या वेगानं पसरत होती ते बघता त्यांनी लगेच धाव घेतली असती तरी सुखरूप उतरता आलं नसतं. आणि २०२५ च्या जूनमधला अहमदाबादचा एअर इंडियाचा अपघात. प्राथमिक अहवालात ती ओळ आहे, विमान जमिनीवरून उचललं गेल्यावर सव्वीस सेकंदांनी मेडे, मेडे, मेडे. कंट्रोलरनं कॉलसाईन विचारलं. उत्तर नाही. अहवालाच्या भाषेत ते एवढंच आहे, भावनांशिवाय, मोजून लिहिलेलं. ती ओळ वाचल्यावर मी बराच वेळ काही वाचू शकले नाही. पायलटांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की आधी विमान उडव, मग दिशा बघ, आणि सगळ्यात शेवटी बोल. म्हणजे बोलणं तिसरं. हातात मोजून काही सेकंद असताना कुणीतरी ते तिसरंही केलं. का केलं असेल, त्यातून मदत येणार नव्हती हे त्यालाही कळत असणार. की सवयीनं, की कुणाला तरी कळावं म्हणून? मी यावर खूप विचार केलाय आणि दरवेळी वेगळीकडंच जाऊन पोचते.

मेडे पडला की बाकीचे काय करतात हे ऐकणं हा एक वेगळाच अनुभव आहे. एरवी त्या फ्रिक्वेन्सीवर श्वास घ्यायला जागा नसते, एकाचं संपायच्या आत दुसरा. आणि मग कंट्रोलर म्हणतो, ऑल स्टेशन्स, स्टॉप ट्रान्समिटिंग, मेडे. आणि गर्दी थांबते. वीस विमानं, प्रत्येकाला काही ना काही विचारायचंय, कुणाला उशीर होतोय, आणि कुणीही बटण दाबत नाही. त्या एकट्यासाठी जागा मोकळी होते. माझ्या त्या मित्राला जी लाज वाटत होती ना, सगळं आकाश थांबवायची, ते आकाश खरंच थांबतं, आणि कुणाची काही तक्रार नसते. ऐकताना कळतं की हे सगळे पायलट स्वतःला त्या जागी बघताहेत. मग केव्हातरी "डिस्ट्रेस ट्रॅफिक एंडेड" येतं, आणि लगेच कुणीतरी आपली उंची विचारतो, कामं परत सुरू.

मग त्या पहिल्या रेकॉर्डिंगमधल्या पोरानं निगेटिव्ह का म्हणावं. काही पायलटांचं बोलणं, लिहिणं मी वाचलंय, त्यात एक भीती सारखी येते, कागदपत्रांची. डिक्लेअर केलं की चौकशी, फॉर्म, लायसन्सवर बालंट. अमेरिकेच्या नियमात बघायला गेलं तर आहे ते एवढंच, इमर्जन्सीत तुम्हाला बाकीच्यांच्या आधी घेतलं आणि कंट्रोलवाल्यांनी मागितला तर ४८ तासांत सविस्तर रिपोर्ट द्यायचा. मागितला तर. आणि त्याच देशातल्या कंट्रोलरच्या नियमपुस्तकात दुसऱ्या बाजूनंही लिहिलेलं आहे, की पायलटनं मेडे किंवा पॅन म्हटलं नाही आणि तुम्हाला शंका वाटतेय की ही इमर्जन्सी असू शकते, तर इमर्जन्सी समजूनच वागा. हे वाचलं तेव्हा त्या बाईंचा प्रश्न मला वेगळाच ऐकू आला. त्या नुसतं विचारत नव्हत्या, त्यांना कळलेलं होतं. बहुतेक त्यांनी तोवर त्याच्या वाटेतली विमानं बाजूला करायला घेतलीही असतील. पण तो शब्द त्याच्याकडून आला असता तर त्यांचा अंदाज बांधण्यातला वेळ वाचला असता, आणि त्याचाही, काहीतरी लपवत राहण्यातला.

ब्रिटनमध्ये एक फार चांगली पद्धत आहे. शिकाऊ पायलट उडत असताना खऱ्याखुऱ्या १२१.५ वर जाऊन "प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन, प्रॅक्टिस पॅन" अशी हाक मारू शकतो. आधी थोडं ऐकायचं, कुणाची खरी इमर्जन्सी चालू नाही ना याची खात्री करायची, आणि मग बोलायचं. पलीकडं खरा माणूस असतो, लष्करी कंट्रोलर, दिवसरात्र त्याच कामाला बसलेला, आणि तो मनापासून उत्तर देतो, तू कुठं आहेस ते शोधून सांगतो, जवळचं विमानतळ सांगतो. मेडेची अशी तालीम मात्र चालत नाही, तो शब्द तिथंही राखलेलाच आहे. मला वाटतं ही सोय प्रत्येक देशात असावी आणि प्रत्येक शिकणाऱ्याकडून ती इन्स्ट्रक्टरनं करून घ्यावी, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, जोवर आवाज खाली जायचा थांबत नाही तोवर. माझ्या मित्राला भिंत होती, भिंत उत्तर देत नाही. मदत मागितल्यावर पलीकडून कुणीतरी न चिडता, न हसता बोलतं हे कानांनी ऐकलेलं असणं फार वेगळं आहे. ज्याची जीभ अडखळायची तिनं तिथं अडखळावं, दिवसाउजेडी, इंजिन नीट चालत असताना.